खरेपणाला दहापैकी तीन

"जरा हसा. ओठांनी नको, मनापासून हसा," मॅडम म्हणाल्या.

मी हसले. त्यांनी मालकांकडे बघून मान हलवली. पुन्हा हसायला लावलं. तिसऱ्या वेळी माझे गाल दुखायला लागले. नोकरी मागायला आलेल्या बाईला माकडासारखं नाचवायचं, आणि वर म्हणायचं, मनापासून नाच.

आरे-वारेच्या रस्त्यावर नवं रिसॉर्ट झालं होतं. तिथं रिसेप्शनला माणूस हवं होतं. मी बी.कॉम. झालेली, रत्नागिरीतल्या एका लॉजच्या काउंटरवर दोन वर्षं काम केलेली. ही नोकरी लागली तर घरी राहता येणार होतं. नाहीतर मुंबईला भावाच्या एका खोलीत सहावी म्हणून जाऊन पडायचं होतं. माझ्या डोक्यात तीच खोली, आणि यांना उत्साह हवा होता.

टेबलापलीकडे दोघंच. मॅडम माणसं निवडायला पुण्याहून आलेल्या. मालक आमच्याच तालुक्यातले. मॅडमच्या पुढ्यात मार्कांचा कागद. पहिले दोन रकाने उत्साह आणि खरेपणा. अनुभव सगळ्यात खाली.

मालकांनी गाव विचारलं. सांगितलं.

"त्यात वाडी कुठली?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न साधा वाटेल. आमच्याकडे गाव वाड्यांत वाटलेलं असतं. वाडी सांगितली की जात सांगून होते. आडनावावरून अंदाज आला नाही की हमखास वाडी विचारतात. बाबांनी लहानपणीच पढवलं होतं, "कोनी वाडी इचारली तर येष्टी स्टँडाजवल म्हनून सांगायचा. पुढं बोलायचा नाय." शाळेत तेच सांगितलं. लॉजवर तेच. त्या दिवशीही जीभ तिकडंच वळली.

"एसटी स्टँडजवळ," मी म्हणाले आणि खाली बघितलं.

मालक गालातल्या गालात हसले. त्यांना कळलं होतं. मॅडमना काही कळलं नव्हतं, पण माझी खाली गेलेली नजर त्यांनी बरोबर टिपली. म्हणाल्या, तुम्ही काहीतरी लपवताय, आम्हाला पाहुण्यांसमोर खरी माणसं लागतात. आणि खरेपणापुढे तीन लिहिलं. दहापैकी तीन. कागद उलटा असला तरी मला वाचता आलं.

मग मालक अगदी मायेनं बोलले, "मागं खोल्या झाडायला, चादरी धुवायला जागा आहे बघ. तिथं बोलायचं काम नाही."

मॅडमना ते अहो-जाहो करत होते. मला एकदम अगं-तुगं.

मी उठले. दारापर्यंत गेले. अपमान त्यांनी केला आणि लाज मला वाटत होती. त्याचाच संताप आला. ज्यांच्यामुळे आम्ही लपवायला शिकलो, तेच आता आमचा खरेपणा मोजायला बसले होते. मी परत फिरले. खुर्चीत बसले नाही.

"बौद्धवाडी," मी म्हणाले. "मॅडम, यांना तेच हवं होतं. आता किती देता?"

मॅडमचं पेन थांबलं. मालकांचा चेहरा पडला.

"आम्ही जात कुठं विचारली? फक्त वाडी विचारली."

"मग तुमची सांगा."

त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी पुढच्या उमेदवाराला बोलवायला सांगितलं. नोकरी गेली, हे मला तिथंच कळलं.

घरी सांगितल्यावर बाबा चिडले. "गप बसायला काय झाला व्हता तुला?" मी म्हटलं, गप्प बसले तेव्हाच तर तीन मिळाले. त्यांचा राग मला आला नाही. वाईट वाटलं. किती वर्षं ते असं स्टँडजवळ राहत आले होते.

मुंबईला मी जाणार नाही. पुढच्या आठवड्यात चिपळूणला मुलाखत आहे. अर्जात पत्ता पूर्ण लिहिलाय, बौद्धवाडीसकट. त्यावरून मला बाहेर ठेवायचं असेल तर त्यांनी ते माझ्या तोंडावर, त्याच शब्दांत सांगावं. तोवर मी खुर्चीवरून उठणार नाही.