गाडीचा काळा रंग राखताना

हे गेले त्याला वर्ष होत आले. भेटायला येणारी माणसे अजून त्यांच्या औषधांविषयी बोलतात, हाताला गुण होता म्हणतात. मी ऐकते, चहा ठेवते. माणसे उठून गेली की मला मात्र त्यांची पहिली मोटार आठवते, आणि तिचा रंग कसा राखावा याची त्यांना लागलेली चिंता. चिंता हा शब्दही पुरत नाही. पण दुसरा सुचेपर्यंत थांबले तर हे लिहून होणार नाही.

त्या वेळी आम्ही चिखलीत होतो. राज्य नवे होते. गल्लीतले म्हातारे बोलता बोलता जुन्या सवयीने नागपूरलाच राजधानी म्हणत आणि मग स्वतःच हसत. घराच्या पुढच्या खोलीत ह्यांचा दवाखाना, बाहेर ओटा, ओट्यासमोर लिंब. ओट्यावर दिवसभर माझे सासरे, मामंजी, बसलेले असत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

मामंजींना काचबिंदू होता. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून ह्यांना बाजूला नेले आणि जे सांगितले ते ह्यांना आधीच ठाऊक होते: गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली हळूहळू मिटत जाईल. मामंजींना तेव्हा दाराच्या फटीतून पाहावे एवढेच दिसे, आणि तेही धुरकट. त्यांची कशाविषयीच तक्रार नव्हती. एक सोडून. संध्याकाळी मुलगा खेड्यांतले रोगी पाहून परत येतो, तो येताना दिसला पाहिजे.

"आवाजावरून कळतं ना, मामंजी," मी एकदा म्हणाले.

"आवाज तं सारेच करतेत, सूनबाई. पोरगा दिसला पायजे."

हे आधी सायकलवर जात. मग खामगावच्या एका वृद्ध डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि त्यांची गाडी ह्यांनी घेतली. जुनी, विलायती, गोल पाठीची, काळी. ती पहिल्यांदा लिंबापुढे येऊन उभी राहिली तो क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. असा काळा रंग मी पाहिला नव्हता. काजळ काळे असते, तवा काळा असतो, इथली जमीन काळी आहे. पण त्यांत काही दिसत नाही. ह्या काळ्यात आमचा लिंब उभा होता, लिंबामागे आभाळ होते, आणि आभाळात एक घार फिरत होती. ती घार मी वर मान करून पाहिलीच नाही. गाडीच्या दारात पाहिली. हात लावायचा धीर झाला नाही.

मामंजींनी मात्र ओट्यावरून उतरून सरळ दोन्ही हात ठेवले. बैल विकत घेताना फिरवतात तसे पाठीवरून, खांद्यावरून फिरवले.

"दमणी झाक हाय बे," ते म्हणाले. दमणी म्हणजे लग्नाकार्याला माणसे बसवून न्यायची हलकी बैलगाडी. मोटारीला ते शेवटपर्यंत दमणीच म्हणाले. मग ते ओट्यावर जाऊन बसले, मान थोडी वाकडी केली आणि एकदम थांबले. "एक ठिणगी दिसून राह्यली मले."

गाडीच्या टपावर ऊन पडले होते, ते चमकत होते. तेवढे त्यांना दिसत होते.

मी पुण्याची. 'दिसून राह्यली' असे तिकडे कुणी बोलले असते तर आम्ही मैत्रिणी हसलो असतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते शब्द नीट ऐकू आले. आमचे 'दिसते' फार लवकर संपते. इकडच्या बोलण्यात वस्तू दिसते आणि राहते.

संध्याकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी वळे तेव्हा पश्चिमेचे ऊन तिच्यावर येई, ठिणगी पेटे, आणि मामंजी म्हणत, "आला." त्यांना गाडी दिसत नव्हती, मुलगा तर नाहीच. पण त्या ठिणगीमागे तो आहे हे त्यांना पुरे होते.

म्हणून रंग राखायचा होता. आमच्याकडचे ऊन रंगाला सोडत नाही. एस.टी.च्या गाड्यांचा लाल रंग दोन उन्हाळ्यांत विटेसारखा होतो हे सगळे पाहत होते. काळा तर आधी राखाडी होतो आणि मग त्याची भुकटी बोटाला लागते. हे रोज सकाळी टपावरून बोट फिरवून बोट पाहत.

गाडी लिंबाखाली ठेवावी तर लिंबाचा चीक पडे, कावळ्यांचे तर विचारूच नका, आणि ते डाग उन्हात रंग खात. पत्र्याचे छप्पर घालावे तर सावलीत ठिणगी कसली. ह्या विषयावर ओट्यावर रोज सभा भरे. कंपाउंडरांचे मत ठाम होते. ते इथल्याच विहारामागच्या आळीतले, दहावीपर्यंत शिकलेले, बोलायला तिखट.

"सायेब, जाड कापडाची झूल शिवून घेऊ. पोळ्याच्या बैलावानी. रंगाले हातच लागत नाही कोनाचा."

"झूल मिरवाले असते बे," मामंजी म्हणाले, "झाकाले नसते."

"काकाजी, मंग तुमीच सांगा."

"जवसाचं तेल लावा. माह्या दमणीले दरसाल लावत होतो. वीस वर्सं ना ऊन लागलं ना पानी."

"बाबा, ते लाकूड होतं," हे म्हणाले. "हे लोखंड हाय."

"उन्हाले काय समजते लाकूड अन् लोखंड?"

कंपाउंडर हसून लोटपोट. ह्यांना हसता येईना, कारण वडिलांना गप्प कसे करावे ते कधीच कळले नाही. ओट्यावर हे वडिलांच्या बोलीत बोलत आणि उंबरा ओलांडून माझ्याकडे आले की पुस्तकी मराठीत. आत येऊन मला म्हणाले, "झूल हाच खरा उपाय आहे. रंग वर्षानुवर्षे टिकेल."

"मग?"

"मग बाबा दिवसभर कशाकडे बघतील?"

शेवटी त्यांनी मेणाचे पॉलिश मागवले. रविवारी रोगी आटोपले की धोतराचा जुना फडका घेऊन बसत. लहान लहान गोल करत घासत, पोराचे अंग पुसावे तसे. मामंजी ओट्यावरून सांगत, "डावीकडं... अजून... हं, आली." ठिणगी आली की हात थांबे. मी दारात उभी राहून पाहत असे. ते दोघे काय करत होते त्याला मला नाव देता येत नसे. आजही येत नाही. एवढेच जाणवे की मी मध्ये बोलू नये.

पण पॉलिशनेही रंग झिजतो. दर वेळी फडक्यावर थोडा काळा उतरे. हे तो फडका मला न दाखवता स्वतः धूत.

दिवाळीनंतर कापूस निघाला. चिखलीच्या वाटांवर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली, आमच्या घरामागच्या जिनाची यंत्रे सुरू झाली. जीन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. तो चालू असला की हवेत रुई तरंगत असते. दुधावर पडे, केसांत अडके. आणि त्याच दिवसांत मामंजी संध्याकाळी म्हणू लागले, "आज नाही दिसला." गाडी दारात उभी, मुलगा पुढ्यात उभा, आणि ते म्हणत, "कवा आला तू?"

धुळीने चमक गेली असे कंपाउंडर म्हणत. ह्यांचे रविवारचे पॉलिश एक दिवसाआड होऊ लागले, आणि फडका जास्त काळा होऊ लागला.

एका दुपारी हे जेवून पडले होते. मी आत निवडत बसले होते. बाहेर तेलाचा वास आला, पण मी म्हटले कुणी रोगी मालीश करून आला असेल. मामंजींनी कुणाकडून तरी जवसाचे तेल आणवले होते. हाताने चाचपत त्यांनी सबंध गाडीला ते चोळले होते. टपाला, दारांना, चाकांवरच्या कमानींना. एक बोटभर जागा सोडली नव्हती. हे उठून बाहेर आले तेव्हा मामंजी हात पुसत होते आणि चेहऱ्यावर समाधान मावत नव्हते.

"आता पाह्य," मामंजी म्हणाले. "सकाळलोक मुरते."

"सकाळी रॉकेलने पुसून टाकीन," हे आत येऊन मला म्हणाले. "आत्ता पुसलं तर त्यांना वाईट वाटेल."

जीन त्या दिवसांत रात्रीही थांबत नसे.

सकाळी मी सडा टाकायला दार उघडले आणि बादली हातातच राहिली. काळी गाडी नव्हती. तिच्या जागी एक पांढरी, मऊ, केसाळ वस्तू उभी होती. चिकट तेलावर रात्रभर रुई बसली होती. नुसती बसली नव्हती, अंगभर उगवल्यासारखी दिसत होती. कोवळ्या उन्हात तिचा एकेक तंतू उजळला होता. कापसाच्या एवढ्या मुलुखात राहून मी कापसाला कधी असे पाहिले नव्हते. वाऱ्याची झुळूक आली की ती सगळी गाडी हलके श्वास घेई.

हे बाहेर आले. हातात रॉकेलची बाटली आणि फडका. काही वेळ तेही तसेच उभे राहिले. मग खाली बसून त्यांनी दाराच्या कडेची थोडी रुई नखाने खरवडून पाहिली. तेल चामट होऊ लागले होते. आता पुसले तर सुटेल, दोन दिवस उन्हात राहिले तर रंगालाच धरून बसेल, आणि मग खाली काळा उरणार नाही. हे त्यांनी मला सांगितले नाही. ते बोटाकडे ज्या तऱ्हेने पाहत होते त्यावरून कळले. त्यांनी फडका भिजवला.

मागून मामंजी काठी टेकत ओट्यावर आले. बसले. मान वाकडी केली. आणि मग मान सरळ केली, जी त्यांनी कित्येक महिन्यांत केली नव्हती.

"पोरा," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "पुरी दिसून राह्यली."

ह्यांनी फडका खाली घेतला.

"हे टप. हे पाठ. एवढी मोठी हाय? मले वाटे लहान असन." त्यांनी काठीने हवेत तिचा आकार काढला. बरोबर काढला. "पाह्यलं जवस? म्या म्हनत होतो तुले."

गल्लीपलीकडच्या घराच्या काळ्या दगडी भिंतीपुढे पांढरे उभे होते, म्हणून त्यांच्या उरल्यासुरल्या नजरेत ते मावले. असे का झाले ते हे मला नंतर समजावून देऊ शकले असते. त्यांनी दिले नाही, मीही विचारले नाही. त्यांनी भिजवलेला फडका बाटलीवर ठेवला, बाटली माझ्या हातात दिली, आणि पुढची काच तेवढी स्वच्छ पुसून गाडीत बसले. कंपाउंडर नुकतेच आले होते.

"सायेब, अशी नेता काय गावातून?"

"बसा."

बाजारात काय झाले ते कंपाउंडरांनी मला नंतर सांगितले. कापसाच्या बंड्यांवरची माणसे उभी राहून ओरडत होती. "डॉक्टरसायेब, गाडीले थंडी वाजून राह्यली काय?" "गादी भरून घेतली काय हो?" एका अडत्याने भाव विचारला. "अन् सायेब काय म्हनले ठावं हाय काय, ताई? म्हनले, पह्यल्या वेचनीचा हाय, विकाचा नाही." हे चारचौघांत विनोद करणारे गृहस्थ नव्हते. ज्या रंगावर दुसऱ्याचे बोट उमटले तर जेवण गोड लागत नसे, त्या रंगावर दिवसभर ऊन घेत ते खेडोपाडी फिरले.

संध्याकाळी मी मामंजींच्या शेजारी ओट्यावर बसले. पाळी बदलताना जीन घटकाभर थांबे, म्हणून शांत होते. गल्लीला आमच्याकडे उतार होता आणि हे पेट्रोल वाचवायला वळणावरच इंजिन बंद करून गाडी तशीच सोडत. मी भाजीचे काही बोलत होते. मामंजी उठून उभे राहिले.

"आला," ते म्हणाले.

मी वर पाहिले. वळणावरून ती पांढरी गाडी एकही आवाज न करता येत होती. मी डोळस, पण मला ती त्यांच्यानंतर दिसली. मामंजी ओट्याच्या कडेपर्यंत गेले होते आणि गाडी जशी जवळ येई तसा त्यांचा चेहरा तिच्यामागे वळत होता.

ह्यांनी खाली उतरून वडिलांकडे पाहिले, मग माझ्याकडे. दिसली त्यांना, अशी मी मान हलवली. ते पुन्हा गाडीत बसले, आणि कितीतरी वेळ बसून राहिले.

त्या रुईने आणि तेलाने काळा रंग खाल्लाच. पंधरवड्यात ती मळली, चटया निघाव्यात तशी निघू लागली. तेव्हा ह्यांनी गाडी खामगावला नेली आणि पांढरी रंगवून आणली. काळ्याविषयी पुन्हा कधी बोलले नाहीत. मामंजींना कुणी काही सांगितले नाही. ते दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक जीपवाल्याला जवसाचे तेल सांगत, आणि हे आतून ऐकत असत, खोडून काढत नसत.

गाडी खामगावहून आली त्या दिवशी मामंजी उतरून तिच्याजवळ गेले. दोन्ही हात ठेवले. हात गुळगुळीत सरकले. त्यांनी तळवे नाकाशी नेऊन हुंगले.

"वास गेला," ते म्हणाले. "तेल मुरलं."

हे त्यांच्या शेजारी उभे होते.

"हाव बाबा," म्हणाले. "मुरलं."