अंबिका मॅडमचा प्रश्न

अंबिका बिरादार मूळच्या देगलूरच्या. घरात कानडी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी, आणि पुस्तकी मराठी फक्त शाळेत. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत त्या भर सभागृहात ‘लई’ म्हणून गेल्या आणि मागच्या रांगा खदखदून हसल्या. त्यानंतर त्यांनी आपली मराठी अशी घासूनपुसून लख्ख केली, की लग्न होऊन उदगीरला आल्यावर शेजारणींना ही सून पुण्याकडची वाटली. पुढे कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागल्या, त्याच मराठीच्या जोरावर.

अकरावीला एक जुनी, गाजलेली कथा होती. रायाजीच्या दारची जाईची वेल शेजारच्या म्हाळसाबाईच्या अंगणात झुकते. म्हाळसाबाई खाली पडलेली फुलं वेचून देवाला वाहते. रायाजीला ते बघवत नाही. तो मध्ये उंच भिंत घालतो. भिंतीमुळे त्याच्याच अंगणातलं ऊन जातं. वेल उन्हासाठी भिंतीवर चढते आणि सगळी फुलं पलीकडेच फुलतात. शेवटी एवढंच येतं, की दुसऱ्या दिवशी रायाजी उठला आणि वेलीला पाणी घालायला गेला.

अंबिका मॅडम ही कथा शिकवताना फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहीत: भिंत म्हणजे मत्सर, वेल म्हणजे माया, फुलं म्हणजे सुख. खाली प्रसंगातल्या उपरोधाची व्याख्या. मुलं उतरवून घेत, पाठ करत, पेपरात गुण मिळवत. कुणाची तक्रार नव्हती.

मग दुसऱ्या तुकडीवर अंगद आला. जळकोटचा, तिशीच्या आतला, तासिका तत्त्वावर नेमलेला. पहिल्याच महिन्यात त्याच्या वर्गातून हसण्याचे आवाज यायला लागले. मराठीच्या तासाला शिकवणीचं गणित सोडवणारी विज्ञानाची पोरं त्याच्या तासाला पुढच्या बाकासाठी भांडायला लागली. एक दिवस अंबिका मॅडम पाणी प्यायच्या निमित्ताने व्हरांड्यात थांबल्या.

आत अयोध्या नावाची एक मुलगी सांगत होती, “सर, आमच्या काकानं बी असंच केलं. गल्लीतल्या बाया पाणी नेतात म्हणून बोअरच्या खोलीला कुलूप ठोकलं. अन् चावी हरवून बसला. मग आमची काकीच घागर घेऊन गल्लीभर फिरली!”

वर्ग हसला. अंगदही हसला. “बघा, फुलं जाऊ नयेत म्हणून भिंत घातली, अन् त्या भिंतीनंच सगळी फुलं घालवली. ह्यालाच प्रसंगातला उपरोध म्हणतात. लई अवघड नाही. तुमच्या काकाच्या घरात हाय तो.”

‘लई’ आणि ‘हाय’, तेही वर्गात, आणि कुणी हसलं नाही. मुलं माना डोलावत होती. अंबिका मॅडमनी तोंड धुतलं आणि स्टाफरूममध्ये येऊन विनाकारण वह्या तपासत बसल्या.

रात्री जेवताना त्या नवऱ्याला, वीरेशला, म्हणाल्या, “मुलांची भाषा पार बिघडवून टाकतोय तो.”

वीरेशचं हार्डवेअरचं दुकान. माणूस सरळ. भाकरी मोडत तो म्हणाला, “तासिकेवरचं पोरगं, उद्या असंल नसंल. तू कशाला जळून राहिलीस?”

“मी जळत नाही. भाषेची काळजी वाटते.”

“हाव,” वीरेश म्हणाला. “भाषेचीच असंल.”

त्यावर त्या दोन दिवस त्याच्याशी नीट बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या प्राचार्य साहेबराव सरांच्या केबिनमध्ये गेल्या. “सर, शेजारच्या वर्गाला त्रास होतो. शिस्त नाही, आणि भाषा अशुद्ध आहे. तुम्ही एकदा स्वतः बघा,” त्या म्हणाल्या.

साहेबराव सरांनी खरंच बघितलं. तासभर मागच्या बाकावर बसले आणि बाहेर आले ते खुशीतच. त्याच आठवड्यात लातूरहून निरोप आला: मराठीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, नमुना पाठ घेण्यासाठी एक नाव द्या. सरांनी अंगदचं नाव दिलं. “मॅडम, तुम्ही लक्षात आणून दिलंत म्हणून बरं झालं,” ते भर स्टाफरूममध्ये म्हणाले. “तुम्हीपण जा सोबत. प्रशिक्षणार्थी म्हणून.”

लातूरच्या सभागृहात जिल्हाभरातले शिक्षक जमले होते. अंबिका मॅडम तिसऱ्या रांगेत बसल्या. अंगदने तीच कथा घेतली. अयोध्याच्या काकाचं कुलूप सांगितलं, सभागृह हसलं. प्रतीक शिकवायचं तर अर्थ आपण सांगू नये, मुलांना भिंतीला हात लावू द्यावा, तो म्हणाला. लोक मोबाइलवर त्याचं बोलणं टिपून घेत होते. शेजारची बाई म्हणाली, “तुमच्याच कॉलेजचे का हो? नशीबवान आहात.” अंबिका मॅडम हसल्या. जबडा दुखेपर्यंत हसल्या.

“कुणाला काही विचारायचं?” अंगदने विचारलं.

त्या उभ्या राहिल्या. याला इथं, सगळ्यांसमोर अडवायचं, एवढंच डोक्यात होतं. “सगळी फुलं पलीकडे जातात, तरी रायाजी शेवटी वेलीला पाणी का घालतो?”

अंगद म्हणाला, “त्याला पश्चात्ताप होतो, मॅडम. मायेला हिशेब नसतो, हे त्याला कळतं.”

“मग भिंत का पाडत नाही?”

अंगदने पुस्तक उघडलं, शेवटचं पान पाहिलं. “ते... तसं दिलेलं नाही इथं.”

अंबिका मॅडमना इथंच थांबून खाली बसायचं होतं. पण त्या बोलत राहिल्या, आणि बोलताना आपला आवाज त्यांना ओळखू येईना. “पश्चात्ताप झालेला माणूस आधी भिंत पाडेल. हा पाडत नाही. पाणी तेवढं घालतो. कारण वेल वाळली तर पलीकडे फुलं येणार नाहीत, आणि मग रोज सकाळी उठून बघायचं काय? जळायला त्याला ती फुलं लागतात. त्याचा सगळा दिवस त्या जळण्यावरच तर निघतो. लई वाईट असतं ते.”

शेवटचं वाक्य बाहेर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो आणि कसं बोललो. कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग बरेच जण. अंगद मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो त्यांच्याकडे बघत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांनी लगेच ओळखलं. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी ते पुष्कळ भोगलं होतं.

परतीच्या एसटीत तो शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, “मॅडम, ही कथा मी कितीदा शिकवली. हे मला कसं दिसलं नाही?”

“तुम्हाला कधी गरज पडली नाही,” त्या म्हणाल्या.

“पडली आज,” अंगद म्हणाला आणि कसनुसा हसला.

मग त्यांनी तक्रारीचं सांगून टाकलं. आपण साहेबराव सरांकडे खरं कशासाठी गेलो होतो, तेही. अंगदने ऐकलं. “मला माहीत हाय,” तो म्हणाला. “सरांनी सांगितलं होतं.” पुढे उदगीर येईपर्यंत दोघं अयोध्याच्या काकाबद्दल बोलत राहिले, त्या काकानं आता बोअरला दुसरं कुलूप लावलं होतं म्हणे.

जूनमध्ये अंगदला लातूरच्या एका मोठ्या कॉलेजात कायम जागा मिळाली आणि दोन्ही तुकड्या अंबिका मॅडमकडे आल्या. त्या आता अर्थ फळ्यावर लिहीत नाहीत, आधी मुलांना बोलू देतात. वर्ग हसतो, पण अंगदच्या वर्गाइतका नाही, हे त्यांना नेमकं कळतं. परवा त्याच्या एका पाठाचा व्हिडिओ कुणीतरी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. वीरेश दुकानातून यायचा होता. त्यांनी दार लोटून घेतलं, व्हिडिओ दोनदा पाहिला, आणि तिसऱ्यांदा पाहताना त्याच्या एका वाक्यापाशी थांबवून मोठ्याने म्हणाल्या, “हे मला सुचायला हवं होतं.”