गोराईच्या शेवटच्या घरापर्यंत

नातवंडांनो, त्या बाईंचं नाव विचारायचं माझं राहूनच गेलं. बोरिवलीच्या सरकारी कचेरीत केबल टीव्हीबद्दल सुनावणी होती. मी आमच्या सोसायटीची तक्रार घेऊन गेले होते, त्या गोराईच्या कोळीवाड्यातून बोटीने आल्या होत्या. अंबाड्यात अबोलीचा गजरा होता आणि मांडीवर मासळीची रिकामी पाटी.

केबल कंपनीला गोराईत वायर टाकायची परवानगी हवी होती, पण फक्त रस्त्यालगतच्या बंगल्यांपर्यंत. आतला कोळीवाडा परवडत नाही, असं कंपनीचा माणूस म्हणाला. बाई पाटीसकट उठल्या.

"बंगलेवाले शनिवारी येतात नि रविवारी जातात. आमी बारा महिने राहतो. मग गिऱ्हाईक कोन रे?"

तो ओशाळला. "मावशी, तुमच्या घरी उद्याच कनेक्शन देतो. मग तर झालं?"

"आमच्यात हळदीचं बोलावणं एका घराला नसतं, अख्ख्या गावाला असतं. वायर पन तशीच आण. नायतर उचल तुझी गुंडाळी!"

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी हसू आवरलं आणि परवानगीला अट घातली. आधी कोळीवाड्यातल्या शेवटच्या घरापर्यंत वायर, मगच बंगले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "घरचं कनेक्शन मिळत होतं, ते का सोडलंत?"

"सगळा वाडा माझ्याकडंच टीवी बघाया आला असता. चा करून करून मेले असते मी!" त्या खळखळून हसल्या आणि ताठ मानेने बोटीच्या धक्क्याकडे निघाल्या.

तुम्ही फोनवर म्हणता, "आजी, इकडेच ये ना राहायला. तिथे एवढं काय आहे?" तेव्हा मला त्या बाई दिसतात, आणि माझी इथली अख्खी सोसायटीही.