मुळशीच्या नव्या जाळ्यात पहिली शेळी

पुरात मुळशीच्या सखूमावशींची जाळी वाहून गेल्याचं कळलं आणि आमच्या ट्रेकिंग ग्रुपने मदतीचा विडा उचलला. जाळ्याच्या आधी टोप्याच छापून आल्या, यावरून ग्रुपची कल्पना यावी. निघालो मात्र दोघंच: मी आणि निशिकांत, सोबत नवं जाळं आणि सगळ्यांच्या टोप्या.

जाणार असाल तर चांदणी चौक सकाळी सातच्या आत ओलांडा. पिरंगुटच्या चढावर ट्रकमागे अडकलात की संपलं. कासार आंबोलीजवळ मिसळ खा. दोघांचं अडीचशेत भागतं, निशिकांत बरोबर नसेल तर.

सखूमावशी आणि धर्मामामा हे कातकरी जोडपं टायरच्या ट्यूबवर बसून धरणात संध्याकाळी जाळं लावतं, पहाटे काढतं. पुरानंतर दोघं मजुरीला जात होते. त्यांचा नेहमीचा हॉटेलवाला पुण्याहून बर्फातले मासे आणू लागला होता. "उद्या सकाळी ताजा मासा आला तर ठीक, न्हाईतर कायमचा तिकडचाच लावतो," असं तो बजावून गेला होता. त्यामुळे नवं जाळं आजच पाण्यात जायला हवं होतं.

पण फोटो नको? निशिकांतने जाळं दोन झाडांना ताणून बांधलं. आम्ही टोप्या नीट करतोय तोवर शेजारच्या धोंडाबाई धनगरणीची शेळी थेट जाळ्यात घुसली आणि गरगर फिरून पार गुरफटली.

"सखू, ओढू नगंस, गाभण हाय ती," धोंडाबाई धावत आल्या.

मावशींनी कोयता घेतला आणि जाळं टराटरा कापलं.

"शेळीपायी नवं जाळं फाडलंस व्हय?" मामा ओरडले.

"मग काय शेळी फाडू?"

वाडीचा नियम असा, की ज्याच्यामुळे जाळं फाटलं तो ते शिवून होईपर्यंत जेवत नाही. निशिकांत उपाशीपोटी सुई घेऊन बसला. "शेळी माजी हाय," म्हणत धोंडाबाईही बसल्या. निशिकांतने मारलेल्या गाठी मामा त्याची पाठ वळली की सोडवत होते. मला हसू आवरेना, म्हणून मलाही सुई मिळाली. दिवस मावळता मावळता जाळं पाण्यात गेलं. आम्ही काठावरच तंबू ठोकला.

सकाळी रोहू आणि चिलापीने टोपली भरली. हॉटेलवाल्याने एकेका माशाचे कल्ले उघडून पाहिले, टोपली गाडीवर चढवली आणि म्हणाला, "उद्या बी आण." मावशी नुसत्या मामांकडे बघत राहिल्या. मला रडू आलं. टोपीने डोळे पुसले. तेवढा तरी तिचा उपयोग झाला.

घरी आल्यावर चार लोकांना हे सांगताना मी जरा फुशारकीच मारत होते. पुढच्या आठवड्यात मावशींना फोन केला, म्हटलं, "रविवारी येऊ का मदतीला?"

"या की, पर दुपारच्याला या, बाय. सकाळी आमाला येळ नसतो," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

आधी जरा लागलंच. मग इतका आनंद झाला, की निशिकांतलाही कळवलं.