ऑर्कुटच्या वाटेवरची डहाळी

शहापूरच्या एसटी स्टँडासमोर स्नेहलचं सायबर कॅफे होतं आणि कॅफेच्या पायरीवर गंगीची टोपली. पावसाच्या तोंडावर शेवळांची रानभाजी, नंतर कंटोळी, उन्हाळ्यात करवंदं. तानसाच्या रानातल्या आंबेखोर पाड्यावरून ती सकाळीच उतरायची. "मावशी, पायरी अडवू नका," असं स्नेहलने एकदा सांगून पाहिलं. बदल्यात तिला वाटाभर शेवळं मिळाली आणि ती खाजू नयेत म्हणून कशी शिजवायची यावर लांबलचक भाषणही. तेव्हापासून पायरी गंगीचीच झाली.

गंगीला एकच धाकटा भाऊ, जैतू. चौऱ्याण्णव साली, ऐन लावणीत, तो बापाशी कडाकडा भांडून घरातून निघाला. "या वाटेवर परत पाय ठेवायचा नाय मी!" असं अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल एवढ्याने ओरडला. माणूस हट्टाचा पक्का. बाप गेला, मागोमाग आई गेली, तरी हा फिरकला नाही. कुणी म्हणे बोअर मारायच्या गाडीवर आहे, कुणी म्हणे मेला. मेला म्हणणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा गंगीने सोडलं.

पाड्यावरचा शाम मुरबाडच्या कारखान्यात लागला होता. दोन हजार सात साली त्याने ऑर्कुटवर 'आमचा आंबेखोर' अशी कम्युनिटी काढली. रानातली झोपडीसुद्धा म्हणे आता मुंबईपर्यंत दिसणार! एका शनिवारी तो धापा टाकत कॅफेच्या पायरीवर आला. "आत्ये, आत चल. टोपली राहू दे."

काचेवर कम्युनिटीत नव्याने आलेल्या एकाचा फोटो होता. बोअरच्या गाडीला टेकून मिशीवाला माणूस उभा, एका पायावर सगळा भार टाकून. डाव्या कानाची पाळी फाटलेली. पोरवयात बैलाच्या शिंगाने ती फाडली होती, आणि त्यावर ओला पाला बांधणारी गंगीच होती.

"जिता हाय!" ती म्हणाली. तिने काचेला बोट लावलं, मागे घेतलं, पुन्हा लावलं. एवढ्या वर्षांत देवाला नाही सापडला तो भाऊ या खोक्याने शोधून काढला होता.

जैतूला अक्षर येत नव्हतं. गाडीवरच्या कुणीतरी त्याचं खातं उघडून दिलेलं. स्नेहलने गंगीचंही उघडलं, कॅफेचा नंबर लिहून पाठवला. त्याने फोन केला नाही. पण ऑर्कुटवर एक गंमत होती. तुमचं पान कोण बघून गेलं, त्यांचे फोटो तिथे दिसायचे. त्यात अधूनमधून जैतूचा चेहरा उगवायचा. बोलणं नाही, निरोप नाही, नुसता चेहरा.

"दारात येऊन गेला गो," गंगी म्हणायची. "आत नाय आला, पण आला." तेवढ्यावर तिचा आठवडा जायचा.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर मात्र ऑर्कुट ओस पडायला लागलं. आधी मुरबाडची पोरं उठली, मग शहापूरची. शामनेही फेसबुकवर नवं बिऱ्हाड मांडलं. "इथे आता कुणी येत नाही, मावशी," स्नेहल म्हणाली. "सगळे तिकडे गेले."

गंगी तोंडात बोट घालून बघत राहिली. ना गाडी आली, ना भांडीकुंडी हलली, आणि एवढी वस्ती उठून गेली! मग तिने विचारलं, "तिकडं कोण दारात येऊन गेला ते दिसतं का?"

"नाही दिसत."

स्नेहलने फेसबुकवर जैतूला शोधलं, तो नव्हता. ऑर्कुटवर त्याच्यासाठी निरोप लिहिला. पण वाचायचा कुणी? आणि तो रिकाम्या दारात येऊन परत फिरला तर? या विचाराने गंगीचा जीव टांगणीला लागला.

आंबेखोरची माणसं लाकडाला, मोहाला, मधाला रानात जातात तेव्हा पुढचे लोक मागच्यांसाठी खूण करतात. जी वाट घ्यायची नाही तिच्यावर हिरवी डहाळी आडवी टाकतात. अशी डहाळी कुणी ओलांडत नाही, उचलत नाही. टाकणाऱ्याने उचलली तरच वाट मोकळी.

गंगीने हेच केलं. माघात ती स्नेहलला कॅमेऱ्यासकट पाड्यावर घेऊन गेली, ऐनाची डहाळी तोडली आणि समोर जी जुनी पायवाट होती तिच्यावर आडवी टाकली; पाड्याची माणसं आता नव्या रस्त्यानेच येत-जात. "हिचा फोटो माझ्या तोंडाच्या जागी लाव. तो समजंल, इथं कोण नाय, पुढं गेली माणसं." स्नेहलने लावला. फोटोतली वाट पाड्याचीच आहे, जैतूच्या पायाखालची आहे, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

शिमग्याच्या आधी बघणाऱ्यांत जैतूचा चेहरा एकदा उगवला. "बघितली त्यानं!" गंगी हरखली. पण फेसबुकवर तो आलाच नाही, ऑर्कुटवरही पुन्हा दिसला नाही. मिळालेला भाऊ आपल्याच हातांनी घालवला, असं तिला वाटायला लागलं.

चैत्रात ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. ओढ्याच्या बाजूने, जिथून गुरंसुद्धा येत नाहीत, तिथून काट्याकुट्यांतून कुणीतरी वर चढून आलं. हातपाय ओरबाडलेले, कानाची पाळी फाटलेली. तो झोपड्यांकडे बघत होता, त्या तिथेच आहेत यावर विश्वास नसल्यासारखा.

"बाय," तो म्हणाला, "पाडा हाय ना गो?"

"कुठं जाईल?"

"फोटूत आपल्या वाटेवर डहाळी बघितली. मला वाटलं, ते नवं धरण होनार म्हनत होते, त्यात गेला पाडा. उठवलं तुमाला. कुठं गेलीस म्हणून शोधाया आलो."

ऑर्कुट, फेसबुक, पुढे गेलेली माणसं, हे सगळं गंगीला सांगायचं होतं. पण आधी तिने त्याच्या दंडातला काटा उपटला. एवढ्या वर्षांच्या वाट बघण्याला जे जमलं नाही ते एका डहाळीने केलं होतं, आणि तेही चुकून.

"वाटेनं का नाय आलास?"

"डहाळी कशी ओलांडू? तशीच पडलीय वाळून."

गंगीने त्याचं मनगट धरलं आणि त्याला अंगणातून, झोपड्यांमधून, पार पाड्याच्या तोंडाशी नेलं. वाळलेली डहाळी तिने स्वतः उचलली आणि रानात भिरकावली.

"जा, त्या वळणापर्यंत जा," ती म्हणाली. "आन आता वाटेनं ये."

जैतू गेला. वळणावर क्षणभर थांबला. मग त्याने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि सोळा वर्षांनी त्या वाटेवर पाय ठेवला.