लॅपटॉपला लावलेली टिकली

"देवनी दिधेल रंग शे, त्याले हात लावानं काम नही." आबा हे अहिराणीत म्हणाले की समोरच्याने ओळखायचं, फोटो गोरा करून मिळणार नाही.

धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याला लागून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बाकीचे फोटोवाले अल्बममधली नवरी अशी उजळवत की सख्ख्या मावशीने विचारावं, ही कोण? आबा पासपोर्टच्या फोटोतला तीळसुद्धा काढत नसत. एका गिऱ्हाइकाने फारच हट्ट धरला तेव्हा त्यांनी त्याला समोरच्या चामडीच्या डॉक्टरांचा दवाखाना दाखवला होता.

साठी उलटल्यावर जळगावच्या मुलीने त्यांना नवा लॅपटॉप घेऊन दिला. दुसऱ्याच दिवशी आबा माझ्या दारात उभे. अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हाऊ मन्हाकडे देखीसन डोया मारस."

लॅपटॉप त्यांना डोळा मारत होता. मी जाऊन पाहिलं. स्टुडिओचं दार सताड उघडं असायचं. दारासमोर रिक्षा थांबली की आत सावली पडायची, स्क्रीन मंद व्हायची. रिक्षा गेली की पुन्हा लख्ख. मी त्यांना कॅमेऱ्याशेजारचं बारीक भोक दाखवलं. म्हटलं, हा इथून बाहेरचा उजेड बघतो आणि आपली स्क्रीन कमी-जास्त करतो. सेटिंगमधून बंद होतं, दुपारी येऊन करून देतो.

तुम्ही अशी दुपार कुणाला तरी नक्की दिली असेल. माझी ती दुपार दोन आठवडे उगवली नाही. आबांनीही पुन्हा विचारलं नाही, त्यामुळे मी विसरूनच गेलो.

त्याच काळात त्यांनी एका लग्नाचा अल्बम केला. मुलगी चांगली सावळी, नाकीडोळी तरतरीत. अल्बम छापून आला आणि सासरी वाहवा झाली. सासूबाईंनी तर सांगून पाठवलं की आबांचा हात आता कुठे बसला. आबा दिवसभर खुशीत होते. मलाही त्यांनी चहा पाजला.

चार दिवसांनी मुलगी एकटीच आली. मी तेव्हा स्टुडिओतच होतो. तिने अल्बम काउंटरवर उघडून ठेवला. मग म्हणाली, "आबा, फोटो छान आहेत. पण ही मी नाही. सगळे हिलाच बघून खूश आहेत."

आबांनी अल्बम दारात उजेडाला नेला. पान उलटलं, मुलीकडे पाहिलं. पुन्हा पान उलटलं. तिला ते एवढंच म्हणाले, की बाई, नवा करून देतो.

ती गेल्यावर मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. स्क्रीनच्या वर, बरोब्बर त्या भोकावर, मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती. आबांनी घरच्या पाकिटातली एक आणली होती. डोळा झाकला की डोळा मारणार नाही, हा हिशोब. आणि खरंच, त्या दिवसापासून स्क्रीन हलली नव्हती. पण झाकलेल्या डोळ्याला सगळा अंधारच दिसत होता, म्हणून ती कायमची मंद होऊन बसली होती. त्या मंद स्क्रीनवर आबांना मुलगी फार काळपट दिसली. ती आहे तशी दिसावी म्हणून त्यांनी एकेक फोटो उजळत नेला होता.

मला हसू आलं आणि लगेच ओशाळलोही. टिकली काढली. सेटिंगमध्ये डिस्प्ले उघडला, ब्राइटनेसच्या खाली आपोआप बदलण्यापुढची खूण होती ती काढून टाकली. पुरतं एक मिनिटही लागलं नाही.

"चूक माझी आहे, आबा," मी म्हणालो.

"फोटो मी कया," ते दोष स्वतःकडे घेत म्हणाले. "तिन्हा चेहरा मी देखेल व्हता. स्क्रीनवर कसाले इसवास ठेवा मी?"

त्यांनी मुलीला पुन्हा बोलावलं, लॅपटॉपशेजारी खुर्चीवर बसवलं आणि एकदा तिच्याकडे, एकदा स्क्रीनकडे बघत सगळा अल्बम नव्याने केला. ती तीन दिवस येत होती. तिसऱ्या दिवशी तर मटार सोलायला घेऊन आली होती. नवा अल्बम आबा स्वतः तिच्या सासरी देऊन आले. सासूबाईंना पहिलाच बरा वाटला. आबांनी तो परत मागितला, त्यांनी दिला नाही. आजही त्या घरात दोन अल्बम आहेत. पाहुण्यांना सासूबाई एक दाखवतात, सूनबाई दुसरा.

मागच्या वर्षी आबांनी स्टुडिओ बंद केला आणि मुलीकडे जळगावला राहायला गेले. मी त्यांना बसमध्ये बसवायला गेलो होतो. पुढच्या सीटवर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती, मुलाची कानटोपी डोळ्यांवर आली होती. बस हलली तेव्हा आबा पुढे वाकून ती टोपी दोन बोटांनी हळूच मागे सारत होते. मूल त्यांच्याकडे टकामका बघत होतं, आणि आबा त्याच्याकडे.