मागच्या रेघेवरची खुर्ची

रेघकाकूंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता घरातसुद्धा उरलं नव्हतं. मुलांच्या बॅडमिंटनच्या स्पर्धा असल्या की मागच्या रेघेच्या टोकाला लोखंडी खुर्ची टाकायची, तिच्यावर घरून आणलेली उशी नाडीने बांधायची, देवाचं नाव घ्यायचं आणि बसायचं. ज्या मुलासाठी म्हणून त्यांनी हॉलमध्ये पहिलं पाऊल टाकलं, तो रॅकेट माळ्यावर टाकून केव्हाच नोकरीला लागला. काकूंची खुर्ची मात्र हलली नाही.

काम ऐकायला सोपं. शटल रेघेबाहेर पडलं तर दोन्ही हात पसरून "आउट" म्हणायचं. आत पडलं, रेघेला नुसतं शिवलं तरी, तोंड मिटून उजवा हात रेघेकडे करायचा. आणि दिसलंच नाही तर दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवायचे, म्हणजे पुढचं पंच बघून घेतो. ही तिसरी खूण काकूंना पहिल्याच दिवशी शिकवली होती. ती करायची वेळ कधी आली नव्हती.

पालक म्हणजे एरवी पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी मंडळी. पण काकूंचा हात गेला की तोंडं मिटत. "काकूंनी दिलं ना? मग संपलं." घरात टीव्हीवर काय लावायचं हेही काकूंना कोणी विचारत नसे, इथे मात्र भरलेला हॉल श्वास रोखून त्यांच्या हाताकडे बघे. देवाने हे एवढं एक पदरात टाकलंय, ते नीट सांभाळावं, असं त्या स्वतःशी म्हणत.

आणि नेमकं तेच हातचं जायची वेळ आली होती. डाव्या डोळ्यावर दुधावर साय धरावी तसं काहीतरी धरलं होतं. सुईत दोरा जाईना. दिव्याभोवती कडं दिसे. चहा कपाऐवजी बशीत पडला तेव्हा नवऱ्याने विचारलं, "लक्ष कुठे असतं तुझं?" काकूंनी ते लक्षावरच ढकललं.

शेवटी एका दुपारी दुकान रिकामं बघून त्या औषधवालीकडे गेल्या. ही बाई एके काळी स्वतः चांगली खेळलेली. संध्याकाळी गल्ला नवऱ्यावर सोपवून मुलांना शिकवायची आणि तिचा मुलगा तिच्याच हाताखाली तयार झाला होता. तिने मोबाइलचा दिवा काकूंच्या डोळ्यावर धरला आणि हळूच बंद केला.

"काकू, हे थेंबांचं काम नाही. मोतीबिंदू वाटतोय. डॉक्टरांना दाखवा."

"दाखवते गं. स्पर्धा तेवढी होऊ दे."

"स्पर्धेला बसणार आहात?"

"उजवा चांगला आहे माझा," काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "बोलू नकोस हं कुठे. एकदा का खुर्चीवरून उठवलं की परत कोण बसवतंय?"

"मी नाही बोलणार," औषधवाली म्हणाली. "बोलायचं ते तुम्हीच बोला."

स्पर्धेच्या अंतिम सामन्याला तोच तिचा मुलगा उभा राहिला. आणि समोर कोण? टायरच्या दुकानवाल्याचा मुलगा. त्याला शिकवणारे सर म्हणजे काकूंचे सख्खे धाकटे दीर. सामना चालू असताना बाजूच्या खुर्चीतून ते इतके ओरडत की पोरांनी त्यांचं नाव भोंगासर ठेवलं होतं. शटल हवेत असतानाच त्यांचं "आउट!" निघायचं. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण पोरगा हरला की यांना स्वतःच्या थोबाडीत बसल्यासारखं व्हायचं.

दिराच्या शिष्याच्या सामन्याला भावजय रेघेवर, म्हणून आजवर कोणी चकार शब्द काढला नव्हता. आजही पंचाने, एका तरुण पोराने, रिवाजाप्रमाणे औषधवालीला विचारलं, "काकू चालतील ना?"

काकूंनी उशीची नाडी उगाचच आणखी घट्ट केली. औषधवालीने त्यांच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"चालतील," ती म्हणाली.

एक एक गेम वाटून गेला होता आणि तिसरा पार टोकाला आला होता. काकू मान किंचित डावीकडे वळवून बसल्या होत्या, म्हणजे उजवा डोळा पुढे येई. आतापर्यंत निभावलं होतं. एकदा आउट दिलं, दोनदा आत दिलं, तिन्ही बरोबर. तरी पदराचं टोक मुठीत ओलं झालं होतं. छताचे मोठे दिवे डाव्या डोळ्यात फुटून पसरत होते.

"वीस, एकोणीस. सामन्याचा गुण," पंच म्हणाला.

म्हणजे टायरवाल्याच्या मुलाला आणखी एकच हवा. भोंगासर खुर्चीतून अर्धे उठले. मुलाचे वडील, टायरशेठ, तर कधीपासून उभेच होते. औषधवाली हाताची घडी घालून बसली होती.

रॅली लांबली. मग औषधवालीच्या मुलाने शटल उंच, खूप उंच मागे टाकलं. टायरवाल्याचा मुलगा पाठी सरकला, रॅकेट उचलली आणि ऐनवेळी शटल सोडून दिलं. शटल डाव्या अंगाने, नेमक्या त्या फुटलेल्या उजेडातून खाली आलं आणि काकूंच्या डोळ्यांदेखत विरघळलं. टप असा आवाज तेवढा झाला. काकूंनी बघितलं तेव्हा ते रेघेजवळ लोळत होतं.

"आउट!" भोंगासर गरजले. "वहिनी, आउट आहे!"

"आत! आत!" पलीकडची बाजू उठली.

"आउट द्या ना काकू, कसला विचार करताय?" टायरशेठ.

पंच काकूंकडे बघत होता. दोन्ही मुलं, अख्खा हॉल काकूंकडे बघत होता. आणि काकूंना लख्ख कळलं, की आपण आता काहीही दिलं तरी चालणार आहे. हात पसरले तर एक बाजू कुरकुरेल आणि गप्प बसेल. हात खाली केला तर दुसरी. काकूंनी दिलं ना, मग संपलं. कोणाला कळायचंच नाही. फार तर औषधवालीला शंका येईल, पण तिने शब्द दिला होता.

बाहेरच असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. पोराने सोडलं म्हणजे बाहेरच असणार. हात आपोआप मांडीवरून उचलले गेले, पसरायला लागले.

पण दिसलं होतं का? नव्हतं. घरी संध्याकाळी देवासमोर दिवा लावून हेच हात जोडायचे होते. तिथे काय सांगणार, की अंदाजाने दिलं?

अर्ध्यावर पोहोचलेले हात वळले. काकूंनी दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले.

आत नुसता अंधार आणि बाहेर, त्यांना वाटलं, हॉलमधलं माणूसन् माणूस निघून गेलं असावं.

"म्हणजे?" टायरशेठचा आवाज आला. "म्हणजे काय? दिसलं नाही? आंधळी माणसं बसवता काय रेघेवर?"

"ओ शेठ, तोंड सांभाळून!" मागून कोणीतरी.

पंचाने घसा साफ केला. त्याच्या आणि शटलच्या मध्ये मुलाची पाठ आली होती, त्यालाही दिसलं नव्हतं. "हा गुण परत खेळायचा," तो म्हणाला.

भोंगासर तरातरा काकूंपाशी आले. चेहरा लालबुंद. पण आवाज दाबून, दात आवळून बोलले, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"वहिनी, जिंकलेला सामना होता. घरच्या माणसाचा पाय ओढलात."

"दिसलं नाही हो भाऊजी."

"तुम्हाला? तुम्हाला दिसलं नाही?"

काकूंनी उशीची नाडी सोडायला घेतली. गाठ सुटेना. ती तशीच सोडून त्या उठल्या आणि पंचाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. महिनाभर माहीत आहे मला. पुढच्या गुणाला दुसरं कोणीतरी बसवा."

पंच घाबरला. "आता कोण बसणार काकू? इथे जो तो कोणाच्या तरी बाजूचाच आहे."

"मी बसतो!" टायरशेठ म्हणाले, आणि तशा तंग हवेतही चार जण हसले.

मग औषधवाली उठली. "सरांना बसवा."

"कुठल्या सरांना?"

तिने भोंगासरांकडे बोट केलं. सरांना वाटलं टोमणा आहे. "चेष्टा करताय माझी, बाई?"

"नाही."

"मी त्या पोराचा कोच आहे."

"ठाऊक आहे मला. काकूंच्या घरातलेही आहात. माझी हरकत नाही."

"डाव आहे हा!" टायरशेठ उसळले. "कोचला तिकडे गप्प बसवायचा आणि आमच्या पोराला एकटं पाडायचं! सर, बसू नका."

"माझ्या पोरालाही मी काही सांगणार नाही," औषधवाली म्हणाली आणि आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्यावर बसली.

आता काय करणार? नाही म्हणावं तर हॉलभर बोभाटा होईल, की यांचा स्वतःवरच भरवसा नाही. भोंगासर शेठकडे न बघता काकूंच्या खुर्चीवर जाऊन बसले. उशी तशीच बांधलेली होती. काकू त्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि खाली वाकून एवढंच म्हणाल्या, "शटलकडे बघू नका. रेघेकडे बघा. शटल आपणहून येतं तिथे."

खेळ सुरू झाला. सरांचे ओठ सवयीने हलत होते, पण आवाज नव्हता. त्यांचा शिष्य दोनदा त्यांच्याकडे बघून गेला. काकूंना तिथून रेघ दिसत नव्हती. त्या दिरांच्या मानेकडे बघत होत्या. मान ताठ, शीर उडतेय.

शटल पुन्हा उंच मागे आलं. मुलगा पुन्हा सरकला. क्षणभर त्याने सरांकडे पाहिलं आणि सोडलं. टप.

भोंगासरांच्या खांद्यातून दोन्ही हात पसरायला निघाले, हे काकूंना मागून स्पष्ट दिसलं. त्यांचे स्वतःचे हात मघाशी निघाले होते तसेच. त्यांनी मनात देवाचं नाव घेतलं आणि तेही अर्ध्यावर राहिलं.

डावा हात मांडीवर पडला. उजवा हात खाली, रेघेकडे गेला.

"वीस-वीस," पंच म्हणाला.

टायरशेठ जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर मागे वळले नाहीत. हात तसाच रेघेकडे धरून राहिले, कोणी शंका घेऊ नये म्हणून असेल, किंवा परत उचलायचं बळ नसेल. पुढचे दोन्ही गुण औषधवालीच्या मुलाने घेतले. त्याच्या आईला ते टाळ्यांवरून कळलं, तेव्हा तिने खुर्ची फिरवली.

टायरवाल्याचा मुलगा घामाने निथळत खुर्चीपाशी आला. "सर, खरंच आत होतं?"

"रेघेला लागलं होतं."

मुलाने रेघेकडे बघितलं. "मग मी सोडायला नको होतं."

"नको होतं," सर म्हणाले. "उद्या तेच करू. मागे जायची पावलं." आणि त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकून तो खसाखसा चोळला. शेठ पोराला दंडाला धरून घेऊन गेले. जाताना म्हणाले, "उद्यापासून येणार नाही तो." दोन दिवस आला नाही, तिसऱ्या दिवशी आला. पण ते नंतरचं.

दारात औषधवाली काकूंना भेटली. पोराचा कप तिच्या काखेत होता. काकूंना वाटलं, आता ही काहीतरी धीराचं बोलणार आणि आपल्याला रडू फुटणार. ती म्हणाली, "उद्या सकाळी डॉक्टर असतात. मी नंबर लावते. उपाशी यायला नको, नुसतं तपासणार आहेत."

काकू दिरांच्या स्कूटरवर मागे बसून घरी निघाल्या. सिग्नलला थांबल्यावर सर मान न वळवता म्हणाले, "महिनाभर माहीत होतं आणि घरात एका शब्दाने सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर बसू दिलं असतंत?"

"नसतं."

"मग?"

सिग्नल सुटला. पुढच्या वळणावर काकूंना आठवलं. "अगंबाई, उशी राहिली तिथेच!"

"राहू दे," सर म्हणाले. "पुढच्या महिन्यात परत सामने आहेत. तोवर तुमचा डोळा कुठला बरा होतोय? मलाच बसावं लागणार. लोखंड टोचतं हो ते."

काकूंनी पदर चेहऱ्याला लावला. वाऱ्यामुळे की कशामुळे, दोन्ही डोळ्यांना पाणी आलं होतं.

"गाठ घट्ट बसलीय," त्या म्हणाल्या. "उगाच ओढू नका. मी बरी झाले की मीच सोडीन."

"बरं," सर म्हणाले, आणि हॉर्न न वाजवता समोरच्या सायकलवाल्याला पुढे जाऊ दिलं.